ती रेघ खोटी ठरवताना

वडिलांचा पाय मोडला म्हणून मी दीड महिना मोताळ्याला घरीच होते. पीएचडीचं काम लॅपटॉपवर चालायचं. वडील प्लास्टरचा पाय उशीवर टाकून शेजारच्या खाटेवर पडलेले. कपाशीचं शेत काकांवर सोपवलेलं, त्यामुळे त्यांना दिवसभर माझ्या पडद्याकडे पाहण्यापलीकडे उद्योग नव्हता.

"हे ठिपके कायचे वो माय?"

"तारे आहेत बाबा. आपल्या आकाशगंगेच्या बाहेरच्या घेरातले."

मी त्यांना सांगितलं, की मोठी आकाशगंगा जवळ आलेल्या लहान दीर्घिकांना, म्हणजे ताऱ्यांच्या छोट्या समूहांना, ओढून घेते. त्या ताणल्या जातात, फाटतात. त्यांचे तारे मग लांब, बारीक प्रवाहासारखे मागे उरतात. मी ते प्रवाह शोधत होते.

एका दुपारी मी ठरावीक अंतरावरचे, एकाच दिशेने सरकणारे तारे तेवढे ठेवले आणि बाकीचे लाखो पुसून टाकले. पडद्यावर एक अंधुक तिरपी रेघ उरली.

"हे तू काढली का?" वडिलांनी विचारलं.

"नाही. ती तिथंच होती."

"कवापासून?"

"माणूस नव्हता तेव्हापासून. बहुतेक पृथ्वीही नव्हती."

त्यांनी लॅपटॉप जवळ ओढून ती रेघ पुन्हा पाहिली.

मी मार्गदर्शक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आनंद नंतर. आधी ती खोटी ठरवून दाखव."

पुढचे आठ दिवस मी तेच केलं. दुर्बिणीनं आकाश पट्ट्यापट्ट्यांनी मोजलं होतं, त्या पट्ट्यांच्या कडा तपासल्या; ताऱ्यांमधल्या धुळीचे नकाशे रेघेवर ठेवून पाहिले. वडील रोज सकाळी चहाबरोबर विचारायचे, "राह्यली का?" पाचव्या दिवशी अर्धी रेघ गेली. तो नुसता धुळीच्या ढगाचा काठ होता. मी रडले. वडील म्हणाले, "अर्धी तं हाये ना! तिच्याकडं पाह्य."

उरलेली अर्धी काही केल्या पुसली जाईना.

तिच्यातल्या अकरा ताऱ्यांचा प्रकाश एका मोठ्या दुर्बिणीतून तपासायला दिला. काही महिन्यांनी निकाल आला तेव्हा मी पुन्हा सुट्टीला घरी होते. वडील काठी टेकत बाजाराला निघाले होते, मी सोबत. भाजीच्या दुकानापाशी ईमेल उघडला. अकरापैकी नऊ ताऱ्यांचे वेग जुळत होते. जड मूलद्रव्यं अगदी कमी, आणि प्रत्येकात त्यांचं प्रमाण जरासं वेगळं; एकाच वेळी जन्मलेल्या ताऱ्यांच्या पुंजक्यात ते सारखं असतं. म्हणजे ती रेघ एका फाटलेल्या लहान दीर्घिकेचीच खूण होती. मी ईमेल पुन्हा वाचला.

"काय झालं वो?"

"बाबा, नऊ तारे एकाच घरचे निघाले."

ते तिथंच एका पोत्यावर बसले. "आन् घर?"

"ते केव्हाच मोडलं. पण तारे अजून सोबत चालतात."

त्यांनी टोपी काढली आणि भर उन्हात वर पाहिलं. "आत्ता बी हायेत तिकडं?"

"हो. आत्ता डोक्यावरच असतील."

मीही मान वर केली. निळं, कोरडं आकाश होतं, एक घार होती. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "काय पाहून राह्यले बाप-लेक?"

"आमच्या पोरीनं काहीतरी शोधलं," वडील म्हणाले, आणि मावशींना पहिल्यापासून सगळं सांगायला बसले.