काकांची कात्री

कपडे शिवायचं दुकान ताईंचं, पण कापड कापायचं टेबल काकांचं. एकतीस वर्षं त्या टेबलावर दुसऱ्या कुणाची कात्री चालली नव्हती. मशीनवर बसणाऱ्या बायका आल्या, गेल्या, काहींच्या लेकीही येऊन गेल्या. काका होते तिथेच. काका डावखुरे. ताईंचे वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, "याचा डावा हात म्हणजे माझा उजवा हात." वडिलांमागे दुकानाबरोबर हा विनोदही ताईंकडे आला, आणि त्यांनी तो इतका झिजवला की त्यातलं 'डावा' कुणाला ऐकूच येईनासं झालं.

आता काकांची नजर अधू झाली होती. खडूची एक रेघ त्यांना दोन दिसायची आणि कात्री दोन्हींच्या मधून जायची. तीन कोट ताईंनी गुपचूप घरी नेले, उसवले, शिवण सरकवून पुन्हा शिवले. काकांना मात्र एवढंच म्हणाल्या, "काम वाढलंय काका, जोडीला एक माणूस घेऊ."

पण ताईंना माणूस नको होताच. त्यांना काकाच हवे होते, फक्त वीस वर्षांनी लहान. म्हणून ताई येणाऱ्या उमेदवाराला ना काही विचारायच्या, ना काही सांगू द्यायच्या. "बोलघेवडे पुष्कळ बघितलेत," म्हणत टेबलाकडे बोट दाखवायच्या. तिथे उरल्यासुरल्या कापडाचा तुकडा, त्यावर खडूची वळणदार रेघ, आणि शेजारी काकांची कात्री. त्या कात्रीने जो नीट कापेल तोच त्या टेबलाशी उभा राहील, असा त्यांचा दंडक.

पहिला मोठ्या कारखान्यातून आलेला. त्याने कापडाचं जे केलं, त्यापेक्षा उंदराने बरं कुरतडलं असतं. दुसऱ्याला ताईंच्या आत्तेभावाने तोंडभर शिफारस करून धाडलं होतं. तो पाच मिनिटांत घामाघूम झाला आणि चाचरत म्हणाला, "बाई, ही कात्रीच काहीतरी..."

"नाचता येईना, अंगण वाकडं," ताई म्हणाल्या. मशीनवरच्या बायका फिसकन हसल्या. तो मान खाली घालून निघून गेला. काका खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले.

तिसरी एक चाळिशीची बाई होती. ती काम करायची ते दुकान बंद पडलं होतं. तिनेही कात्री चालवली, कापड पात्यांत दुमडलं. ती थांबली. 'कळवू' हा शब्द ताईंच्या ओठांवर आलाच होता, तेवढ्यात तिने कात्री उजेडात धरली.

"धार सुरेख आहे. कुणी लावलीय?"

"मीच," काका म्हणाले.

"डाव्या हाताची आहे ना? उजव्या हातात धरली की पाती फाकतात, आणि रेघ पात्याआड जाते. मी माझी काढू का?"

तिने पिशवीतून आपली कात्री काढली आणि ती वळणदार रेघ न थांबता कापली. मशीनं एकेक करून थांबली. काकांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत, आणि मान हलवली. ताईंनी तिला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

ती गेल्यावर ताईंनी बायकांना चहाला पिटाळलं आणि काकांसमोर उभ्या राहिल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच्या वेळी खरंच सुचलं नाही. एवढी वर्षं हातात आहे, मला ती सरळच वाटते." काका थांबले. "दुसरा बोलला, तेव्हा कळलं."

"आणि तरी गप्प बसलात? त्याला मी चारचौघांत काय बोलले!"

"तो लागला असता तर मला जावं लागलं असतं. घरात आता कुणी नाही, ताई. सकाळी नऊला मी कुठे जाऊ?"

ताईंना राग आला होता आणि तो खराच होता. पण हा प्रश्न ऐकून त्या स्टुलावर बसल्या.

"मीही तुमच्यापासून लपवलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कापलेले तीन कोट मी घरी..."

"ठाऊक आहे. बोटांना टाका कळला. शेवटची गाठ तुम्ही दोनदा मारता. लहान असताना मीच शिकवली होती."

ताईंचे डोळे भरले. ते त्यांनी पुसले नाहीत. नाहीतरी काकांना दिसले नसतेच.

"उद्या नऊला या," त्या म्हणाल्या. "परवाही या. गिऱ्हाईक आणतं ते कापड अंगावर कसं पडेल, धुतल्यावर किती आटेल, हे तुमच्या बोटांना कळतं. ते तिला कोण शिकवणार? माझ्याच्याने होणार नाही."

काकांनी कात्री फडक्यात गुंडाळून खणात ठेवली. मग वहीत ठेवलेला दुसऱ्या उमेदवाराच्या फोन नंबरचा कागद चाचपून काढला आणि ताईंच्या हातात दिला.

"याची माफी मागायला हवी. अंगणच वाकडं होतं, हे त्याला मीच सांगतो." त्यांनी फोन जवळ ओढला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते वाक्य उच्चारलं. "आकडे तुम्ही वाचा, ताई. मला दिसत नाही."