यादी क्रमांक चार

माझ्या मुलीच्या हळदीत माझा सख्खा धाकटा भाऊ खुर्च्या आणि जनरेटर यांच्या मधोमध होता. उभा नव्हता, यादीत होता.

मी याद्या करते. किराण्याची, औषधांची, रुसलेल्या नातेवाइकांची (ही सारखी बदलावी लागते). पूर्वाच्या लग्नाला अकरा याद्या झाल्या. नेरूळला सोसायटीच्या आवारात मांडव पडला, तशा मी त्या खांबाखांबावर चिकटवल्या. यादी तीन, कलाकार: दिवाळे गावची आमची हिराआत्या, जी लग्नात धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाते, आणि दोघे सनईवाले. यादी चार, भाड्याचं सामान: खुर्च्या, डीजे, जनरेटर.

डीजे म्हणजे माझा भाऊ सुदेश. वीस वर्षं हळदी वाजवतोय, कोपरखैरण्यापासून उरणपर्यंत. भाचीची हळद म्हणून दोन ठिकाणांना नाही सांगून आला होता. पण माझं मत पक्कं होतं. दुसऱ्याचं गाणं बटण दाबून लावायचं, यात कला कसली? बटण दाबून मी रोज कपडे धुते.

संध्याकाळी मी माईकवर म्हटलं, "आता आपल्या कलाकारांचा सत्कार." सुदेशने आवाज कमी केला, शर्ट खोचला, केसांवरून हात फिरवला आणि टेबलामागून दोन पावलं पुढे आला. मी आत्याला शाल दिली, सनईवाल्यांना दिली. मग त्याच्याकडे वळले.

"सुदेश, माईक परत घे."

लोक हसले. तोही हसला. मग खांबाशी जाऊन यादी वाचून आला.

"ताई, मी चार नंबरला?"

"नाव आहे ना? तीनमध्ये वाजवणारे, चारमध्ये..."

"सामान. आणि ही पाच नंबर गाण्यांची?"

"हो. वेळेसकट."

"ठीक आहे. सामान यादीप्रमाणे चालतं."

(मला बरं वाटलं. एक काम मार्गी लागलं!)

सुदेश हाताची घडी घालून खुर्चीत बसला आणि यादी वाजवू लागला. पूर्वाच्या मैत्रिणी नाचायला उठल्या, तेव्हा यादीत होतं 'शांत वाद्यसंगीत, बारा मिनिटं'. त्या बसल्या. सगळे जेवायला बसले आणि जोरदार कोळीगीत लागलं. माणसं हातात मटणाचा तुकडा धरून नुसते खांदे उडवत होती. मग एकच गाणं लागोपाठ दोनदा वाजलं.

"अरे, हे आत्ताच झालं!"

"यादीत दोनदा आहे, ताई."

होतं.

हळदीने पिवळीधमक झालेली पूर्वा पाटावरून म्हणाली, "आई, ही हळद आहे की दवाखान्याची वेटिंग रूम?"

"सुदेश, जरा माणसं बघून लाव ना."

"सामान बघत नाही, ताई."

शेवटी हिराआत्याने मला हाताला धरून खाली बसवलं. "मी काय करतंय गो? मानसांची तोंडा बगतंय नी गाना काढतंय. तुजा भाव पन तेच करतंय. तू त्याच्या डोल्यांवर कागद चिकटवलास." आणि अंगावरची शाल काढून तिने माझ्या मांडीवर ठेवली.

मी शाल घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. "चुकलं माझं."

"खुर्चीला कोण सॉरी बोलतं?" शाल त्याने घेतली नाही. पण पाटावरच्या पूर्वाकडे पाहिलं आणि उठला. मिनिटभर नुसता मांडव बघत राहिला. मग माईक आत्याकडे दिला. ती धवला गाऊ लागली, आणि त्याने तिच्या आवाजाखाली हळूहळू ठेका सरकवला, तिचा श्वास सांभाळत. आधी म्हाताऱ्या उठल्या, मग मैत्रिणी, मग आचारी. घरच्या कुठल्याही कार्यात आजवर न नाचलेला माझा नवरा नाचला. पूर्वा तर पाट सोडून मामाच्या टेबलापाशीच नाचत होती.

नऊ मिनिटं. मग दहा वाजले आणि सुदेशने आवाज बंद केला. यादी अकरा, 'दहाला आवाज बंद, कोणाचंही ऐकू नये'. तीही माझीच.

व्हिडिओ चार तासांचा आहे. आम्ही शेवटची नऊ मिनिटंच बघतो. पूर्वा बाकीचं पुढे ढकलते आणि माझ्याकडे बघत नाही.

आता मुलाचं लग्न ठरलंय. मी पहिली यादी कलाकारांची केली, पहिलं नाव सुदेशचं लिहिलं आणि त्याला फोन केला.

"येईन की ताई," तो म्हणाला, "मामा म्हणून. पहिल्या रांगेत बसेन. डीजे दुसरा बघ."

त्यामुळे यादी चारमध्ये खुर्च्या आणि जनरेटर यांच्या मधली जागा मोकळी राहिली. मोकळी ओळ मला बघवत नाही. तिथे मी माझं नाव लिहिलंय.