कंसाला उभा राहिलेला माणूस

"भ्या वाटतंय का न्हाय? खरं सांगा!"

कंसाच्या मूर्तीशेजारी तसाच हात वर करून, डोळे वटारून तो उभा राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हे विचारायचा. लोक आधी मूर्तीकडं बघत, मग त्याच्याकडं, मग परत मूर्तीकडं. मिशी तीच, गर्दन तीच, नाकाचा फुगीर शेंडाही तोच. एखादी बाई "आगं बया!" म्हणून पदर तोंडाला लावायची. की हा खूश.

बारामतीहून इंदापूरकडं जाताना रस्त्याला लागून आमची देवादिकांची बाग आहे. तुमच्यातले पुष्कळ जण पोराबाळांना घेऊन येऊन गेले असतील. कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, कावड घेतलेला श्रावणबाळ, जनाबाईसमोर दळायला बसलेला देव. सगळं सिमेंटचं, वर रंग. झाडांना पाणी मी घालतो. मूर्ती कशा असाव्यात हे मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, कारण त्यातल्या दोन मला आजही पटत नाहीत. पण कंस चांगला झाला हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतो. तो चांगला झाला, कारण तो आमच्या पिंपळीचा हमाल होता.

आता तो माणूस नाही. थंडीत छातीत कफ झाला आणि गेला. म्हणून लिहायचं.

मूर्तिकार बाहेरगावचा. बारामतीच्या बाजारात त्यानं याला पोतं उचलताना पाहिलं आणि विचारलं, "पैलवान, मूर्तीसाठी उभं राहता का?" याला वाटलं, भीम. दुसऱ्या दिवशी अंगाला तेल चोळून बागेत हजर. कंस म्हटल्यावर दंडावरचं तेल पुसायला लागला. मग म्हणाला, "कंस तर कंस. राजा तर हाय न्हवं?"

देवकीचं बाळ पायाला धरून कंस शिळेवर आपटायला निघालाय, असा तो देखावा. बाळ म्हणून याच्या हातात दुधी भोपळा दिला. हा उजव्या हातानं देठ धरी आणि डावा हात नकळत भोपळ्याखाली नेई.

"अहो, खालचा हात काढा! तुम्ही त्याला मारताय, आंघोळीला नेत नाही!"

"पडंल की वो!"

"भोपळा आहे तो!"

"ठाव हाय. पर पडंल की."

शेवटी मूर्तिकारानं तो डावा हात कमरेच्या लाकडी तलवारीला सुतळीनं बांधून टाकला, तेव्हा कुठं कंस उभा राहिला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ऐकीव सांगत नाही.

याच्या घरात बहीण आणि भाची. बहिणीचा नवरा गेला तेव्हा पोरगी कडेवर होती. यानं दोघींना आणलं आणि स्वतःच्या लग्नाचं पुढं ढकलत ढकलत विसरून गेला. पोरगी याच्या खांद्यावर बसून बाजार बघायची. मूर्ती झाली तेव्हा ती कॉलेजात होती. बरोबरच्या पोरी चिडवायच्या, "तुझा मामा कंस." ती म्हणायची, "व्हय, हाय. भ्या वाटत आसंल तर वाट बदला." गावानंही त्याला कंसमामा करून टाकलं. त्याला त्याचा अभिमानच होता.

मग कळंबचं स्थळ आलं. बघायला आलेली मंडळी वाटेत बागेत थांबली. फोटो काढले, कंसासंगंही काढले. तिथून पिंपळीला. दार उघडायला पाण्याचा तांब्या घेऊन हा. पोराची आजी उंबऱ्यातच थबकली. "आगं आई गं! ह्यो हितं कसा?"

सगळे हसले. इथं हा गप्प बसला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण नाही. तांब्या खाली ठेवला, हात वर केला, डोळे वटारले आणि म्हाताऱ्या बाईला विचारलं, "भ्या वाटतंय का न्हाय?"

म्हातारी हसली नाही.

चार दिवसांनी निरोप आला. पोरगी पसंत आहे, मागणं काही नाही. फक्त लग्नात मुलीच्या पाठीशी मामा म्हणून ते गृहस्थ नकोत. "देवकीच्या लग्नात बी त्योच रथ हाकत हुता," असं आजीचं म्हणणं. "पुढं काय झालं, ठाव हाय न्हवं?"

पोरगी म्हणाली, "मग मला लगीनच नको."

"गप," हा म्हणाला. "पोरगा सरळ हाय. रानाला पानी हाय. माज्या उभं ऱ्हान्यासाठी आसलं स्थळ मोडायचं व्हय? न्हाय उभा ऱ्हात म्या. दिला शबूद."

मी त्याला म्हणालो, मिशी उतरव. मिशी गेली की निम्मा कंस जातो, आजीचंही समाधान होईल. तो माझ्यावरच उखडला. "तात्या, मिशी त्याची न्हाय, माजी हाय. त्यानं माजी घेतलीया." मी नळी उचलली आणि झाडांकडं वळलो.

त्या दिवसापासून तो बागेत यायचा बंद झाला.

लग्नात मामा म्हणून शेळगावचा त्याचा चुलतभाऊ उभा करायचं ठरलं. त्याला फेटा बांधला. हा सकाळपासून आचाऱ्यापाशी पातेली उचलत होता. भटजींनी माईकवरून हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात आणावं." फेटेवाला पोरीला घेऊन आला. पोरीनं मंडपभर नजर फिरवली. हा पार मागं, दाराजवळ, लोकांच्या चपला पडल्या होत्या तिथं माझ्या शेजारी उभा होता. मुठीत अक्षता.

अंतरपाट धरला. पहिली मंगलाष्टका झाली, 'सावधान' झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. यानंही टाकल्या. हमालाचा हात, पण अक्षता म्हणजे काही पोतं नव्हे. पुढच्या खुर्च्यांवरच्या टकलांवर पडल्या.

"पोचंनात, तात्या," तो म्हणाला आणि चार खुर्च्या पुढं सरकला.

दुसऱ्या मंगलाष्टकेला आणखी चार. मला वाटलं, आता थांबेल. शब्द दिलाय. तिसरीला तो मंडपाच्या मध्यावर होता. लोक वर हात करून मोबाईल धरून उभे होते, कुणाचं लक्ष नव्हतं. बोळातनं माणूस निघावा तसा अंग चोरून तो निघाला होता, एवढं मोठं अंग. शेवटची मंगलाष्टका सुरू झाली तेव्हा तो स्टेजच्या पायऱ्या चढून पोरीच्या मागं पोचला. फेटेवाल्यानं त्याच्याकडं पाहिलं, मग पुढच्या खुर्चीतल्या आजीकडं पाहिलं, आणि एक पाऊल बाजूला झाला.

आजीनं बघितलं. ती उठली, हात वर करून काहीतरी म्हणाली. तेवढ्यात 'सावधान' झालं आणि बँड सुरू झाला. ती काय म्हणाली ते कुणालाच कळलं नाही.

सगळ्यांनी अक्षता उधळल्या. यानं उधळल्या नाहीत. पोरीच्या डोक्यावर ठेवल्या, आणि हात तिथंच राहू दिला.