हलका माल

श्रावणचा दिवस पहाटे चारला सुरू होई. सेलूच्या जिनिंगमध्ये तो हमाल होता. सरकीची पोती पाठीवर घ्यायची, ट्रकपर्यंत न्यायची, परत यायचं. पोतं उचललं की आतला माल त्याला कळे. भरली सरकी जड लागते, पोचट सरकी हलकी. हलका माल बाजूला टाकायचा, हे त्याच्या हातालाच ठाऊक झालं होतं.

त्याचा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, धनंजय वर्ध्याजवळ पिपरी मेघेत कापडदुकानाच्या गादीवर बसे. कधी काही उचललं नाही, तरी घाम पुसत बसायचा. तो मागच्या वर्षी केदारनाथला जाऊन आला आणि ऐन मे महिन्यात, कूलरसमोर उभा राहून, तिथलं जाकीट सगळ्यांना घालून दाखवू लागला. मग त्यानं ते दाबून दाबून मुठीएवढ्या पिशवीत कोंबलं. श्रावणची बायको अनुसयाबाई ते हातात घेऊन धनंजयला म्हणाली, "किती हलकं आहे हो, भाटवे."

एवढंच बोलली. श्रावणला रात्री जेवण गेलं नाही. तीस वर्षं तो ओझी उचलत होता, तिनं त्याच्या कशालाच असा हात लावून पाहिलं नव्हतं.

यंदा केदारनाथला जायचं श्रावण आणि अनुसयाबाईचं ठरलं. दुकानात थंडीचा माल होता तोवरच, जानेवारीत, श्रावण तिला घेऊन वर्ध्याला गेला. जाकीट एकच घेणं जमणार होतं, आणि ते त्याचं. धनंजयच्या जाकिटापेक्षा वरचढ पाहिजे होतं.

दुकानातल्या मोहिनी नावाच्या पोरीनं चार जाकिटं मांडली. श्रावणनं एकेक तळहातावर तोललं आणि सगळ्यात जड होतं ते धरून ठेवलं.

"काका, ते स्वस्तातलं आहे. चढावर ओलं झालं की अंगावर गोणपाट होते," मोहिनी म्हणाली. "हे हलकं घ्या. आत बदकाची बारीक पिसं आहेत. जितकं हलकं तितकं महाग."

श्रावणला हसू आलं. हलकं आणि महाग. तरी त्यानं घालून पाहिलं. अंगावर काही आहे असं वाटेचना. आरशात पाहिलं तर हुबेहूब धनंजयचं जाकीट. हे घेतलं तर तो म्हणणार, माझं पाहूनच घेतलं.

"भाटव्यायचं असंच होतं," अनुसयाबाई म्हणाली. श्रावणच्या कपाळाला आठी पडली. ती बाही चाचपत पुढं बोलली, "ताई मात्र शालीवर गेलती. रातभर कुडकुडली म्हणे. तिले काई घेतलं नाई त्यायनं."

"तिले नाई घेतलं?"

"नाई ना."

श्रावणनं हळूच चेन उघडली. जाकीट काढलं. धनंजयनं न केलेलं एक काम जगात शिल्लक होतं तर.

"पोरी, हेच दे. बाईच्या मापाचं."

"अन् तुमाले?" अनुसयाबाईनं विचारलं.

"मले स्वेटर आहे. घाल तू. फोटो काढ अन् ताईले आत्ताच पाठव. भाटव्याले दाखवजो म्हणा."

तिनं घातलं. जांभळं होतं, तिला शोभत होतं, पण श्रावणचं लक्ष तिच्या मोबाइलवर होतं. साऱ्या हंगामाची हमाली त्या जाकिटात गेली. ताईनं फोटो पाहिल्याची खूण येईस्तोवर तो दुकानातून हलला नाही.