संगमेशअप्पांचा केसपेपर

"सलाइन लावा म्हणून राहिलो ना मी. दर बारीला वजन काय करता?"

जळकोटचे संगमेशअप्पा वजनकाट्यावर उभे राहून माझ्यावरच चिडले होते. नाव बदललंय, लिहायची परवानगी मात्र त्यांनीच हसत दिली. भांड्यांचं दुकान, वय चाळिशीच्या आत आणि आमच्या क्लिनिकची ही चौथी फेरी. सोबत नेहमीप्रमाणं थोरले भाऊ, अण्णा.

मी लातूरच्या एका फिजिशियनकडं कंपाउंडर आहे. पेशंट सरांकडं जायच्या आधी बाहेरच्या टेबलावर त्याचा केसपेपर करायचा हे माझं काम. नाव, वजन, बीपी आणि त्रास काय ते एका ओळीत. मी मूळचा गोंदियाकडचा. नववीत शाळा सुटली. सरांनी ठेवून घेतलं, बीपी घ्यायला शिकवलं, क्लिनिकच्या मागची खोली दिली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. म्हणूनच अकरा वर्षं झाली तरी काही चुकलं की छातीत धस्स होतं. वाटतं, आता गाठोडं बांधायचं.

अप्पांच्या केसपेपरवर चारही वेळा मी एकच शब्द लिहिला होता. अशक्तपणा. इकडं निम्मे पेशंट तेवढंच सांगतात आणि मी डोळे मिटून तेच लिहितो. सर ते वाचायचे. रक्त, शुगर, थायरॉइड सगळं तपासून झालं होतं. सगळं नॉर्मल. मग सर म्हणायचे, "टेन्शन घेऊ नका, रोज चाला." अप्पांनी तोंड उघडायच्या आधी अण्णाच उत्तर द्यायचे. "तेच सांगतो मी ह्याला. नुसता गल्ल्यावर पेंगतो, साहेब."

आमच्या भागात पेशंट एकटा आत जात नाही. घरचा वडीलधारा सोबत असतो आणि तोच बोलतो. धाकट्यानं मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

त्या दिवशीही सरांनी तेच सांगितलं, पण अप्पांच्या हट्टापायी सिस्टरना सलाइन लावायला सांगितलं. अण्णा चहाला गेले. मी सहज विचारलं, "अप्पा, अशक्तपणा म्हणजे नेमकं काय होतंय?"

अप्पांनी दाराकडं बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "न्हावी चेष्टा करतो, भाऊ. म्हणतो, अप्पा, तुमच्यावर माझं पोट भरायचं न्हाई. आधी दिवसाआड दाढी लागायची. आता पंधरा दिवसाला."

"आणखी?"

"डोकं दुखतं. दुपारी डोळा उघडत न्हाई. आन घरी... मनच होईना. वरीस झालं. मंडळी म्हणती, दुसरीकडं जीव लागलाय तुमचा. माहेरी जायचं म्हणून राहिली. नांदेडला एका डॉक्टरला सांगितलं, तर हसला. म्हणला, चाळिशी आली, देवाचं नाव घ्या. आता इथं अण्णासमोर काय सांगू?"

मी टेबलावर आलो. केसपेपरवरचा अशक्तपणा खोडला आणि अप्पा बोलले तसं सगळं लिहिलं. न्हाव्यासकट. कागद पुन्हा सरांपुढं नेऊन ठेवला.

सरांनी वाचलं. चष्मा काढला.

"हे काय आहे? तू डॉक्टर झालास का रे?"

"नाही सर. नववी."

"मग?"

"सर, ते अण्णांसमोर बोलत नाहीत. एकदा एकटं विचारा. चुकलं असेल तर माफ करा."

सर पुन्हा वाचू लागले. 'दाढी'वर त्यांचं बोट थांबलं. "पाठव आत. आणि त्या अण्णांना बाहेर ठेव. कसं ते तू बघ."

अण्णा दारात पोचलेच होते. म्हटलं, "अण्णा, बसा. तुमचा बीपी बघू."

"मला काय धाड भरली?"

"सरांनी सांगितलंय."

बसले. बीपी खरंच जास्त निघाला. दहा मिनिटांनी पुन्हा मोजू म्हणालो. तोवर आतलं दार बंद होतं आणि सरांनी वीस मिनिटं घेतली.

सरांना टेस्टोस्टेरॉन कमी असल्याची शंका आली. हे पुरुषाच्या अंगातलं हार्मोन. दाढी, ताकद, उत्साह, इच्छा, सगळ्यांत त्याचा वाटा. सकाळी ते जास्त असतं, दिवस चढला की उतरतं. म्हणून रक्त सकाळी, रिकाम्या पोटी द्यायचं. अप्पा उगवले दुपारी एकला, बसस्टँडवर पोहे खाऊन.

"पोहे म्हणजे काय जेवण हाय का?"

परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं उपाशी आले. रिपोर्ट कमी. एका रिपोर्टवर भरवसा नको म्हणून सरांनी पुन्हा काढायला लावला. तोही कमी. प्रोलॅक्टिन नावाचं दुसरं हार्मोन मात्र भलतंच वाढलेलं. सरांनी नांदेडला हार्मोनच्या डॉक्टरांकडं पाठवलं. या वेळी कोणी हसलं नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या बुडाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीवर बारीकशी गाठ दिसली. कॅन्सरची नव्हे, पण तिनंच प्रोलॅक्टिन वाढवून टेस्टोस्टेरॉन दाबलं होतं. ऑपरेशन नको, आठवड्यातून दोनदा गोळी.

चार-पाच महिन्यांनी अप्पा आले. या वेळी सोबत अण्णा नव्हते, मंडळी होत्या. अप्पांनी पेढे ठेवले.

"माहेरी गेल्या नाहीत का, वहिनी?" मी जपूनच विचारलं.

"गेले होते की," त्या म्हणाल्या. "हेच न्यायला आले. दोन दिवसबी राहू दिलं न्हाई."

अप्पा खिडकीबाहेर बघू लागले. कान लाल झाले होते.

त्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मनात गाठोडं बांधूनच आत गेलो. सर म्हणाले, "चार वेळा मीही वाचून सोडून दिलं. आजपासून केसपेपरवर अशक्तपणा लिहायचं नाही. पेशंट जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं."

तेव्हापासून तसंच लिहितो. वेळ लागतो, रांग ओरडते. मध्ये सुट्टीवर गेलो तेव्हा एक ग्रॅज्युएट पोरगा बदलीला होता. त्यानं पुन्हा सगळ्यांना एका शब्दात बसवलं. नववीत शाळा सुटल्याचा एवढाच फायदा: मोठे शब्द येत नाहीत, त्यामुळं पेशंटचेच लिहावे लागतात.