कंपनीच्या गणपतीचा पेढा

पेणला मूर्तींच्या ओल्या रंगाचा वास आला की अजून डोकं तापतं. नव्वद सालानंतरची गोष्ट. रोह्यात आमच्या कंपनीचा गणपती दरसाल आम्हीच पेणहून आणायचो. त्या साली गणपती बसलेला असतानाच साहेबानं आम्हा जुन्या माणसांना गेटवरच अडवून कामावरून काढलं. विसर्जनाला मूर्ती उचलायला माणसं कमी पडली, तेव्हा त्यानंच वॉचमन माझ्या घरी धाडला. मी म्हटलं, "ज्यांना ठेवलंय त्यांना सांग." बायको म्हणाली, "देवानं काय केलंय तुमचं?" म्हणून गेलो. नदीवर साहेब पेढा घेऊन पुढं आला. "घ्या काका, आपण सगळे एकच कुटुंब." मी म्हटलं, "घरच्या माणसाला गेटवर अडवतात व्हय?" पेढा त्याच्या हातातच राहिला. त्या दिवसापासून मी पेढा तोंडात घातलेला नाय, नातवाच्या बारशालासुद्धा नाय.