कंडक्टर बाईंची सुट्टी

“थांबा, काय दिसते ते आधी बोलू द्या मले,” असं म्हणून आमच्या कंडक्टर बाई भर गाडीत वरचा दांडा घट्ट धरून उभ्या राहायच्या. मग मोठ्यानं म्हणायच्या, “खिडकी. लाल गमछा. कोथिंबीर.” दिग्रस-पुसद गाडीनं तुम्ही गेला असाल, तर पाहिलंच असेल.

पोरं हसायची. “बाई, कोथिंबिरीचं तिकीट फाडता का?”

“कोथिंबीर फुकट जाते. तू पैसे काढ.”

हे कुठून आलं ते मला माहीत होतं. बाईंना मार बसला, त्या दिवशी गाडी मीच चालवत होतो. एका दारुड्याला त्यांनी खाली उतरायला सांगितलं. त्यानं त्यांचे केस धरले आणि तोंड सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. मी ब्रेक मारून मागे धावलो, तोवर पुढचे दात तुटले होते आणि तो त्यांच्या पोटात लाथा घालत होता. लोकांनी ओढून त्याला पोलिसांकडे दिलं.

जखमा भरल्या. पण मागून कुणी ओरडलं, दारूचा वास आला, की बाईंचे हात गार पडत, छाती धडधडे. समोर दिसेल ते मोठ्यानं बोलायचं, हा उपाय यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना शिकवला होता.

“भीती मले त्याच गाडीत नेते, भाऊ,” त्या म्हणाल्या. “डोयापुढचं बोललं का मी आजच्या गाडीत वापस येतो.”

मागच्या उन्हाळ्यात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भाऊ गाडीतच भिडले. थोरल्यानं पिशवीतून विळा काढून धाकट्याच्या खांद्यात घातला. दुसरा घाव हातावर बसला. रक्ताची चिळकांडी काचेवर उडाली. आरशात मला बाई दिसल्या, पांढऱ्याफटक. ओठ हलत होते, “विळा. रक्त. मागचं दार.”

मग त्यांचा आवाज आला, “भाऊ, गाडी बाजूले घ्या!”

मागचं दार उघडून त्यांनी बायका-लेकरं उतरवली. आम्ही चौघांनी थोरल्याला दाबून धरलं. बाईंनी आपली ओढणी धाकट्याच्या खांद्यावर आवळली. तो वाचला.

आगारात साहेबांनी सत्काराचं काढलं.

“शाल नोको, साहेब. सुट्टी द्या.”

“एवढ्या धीराच्या तुम्ही, अन् सुट्टी कायले?”

“धीर सरत आला का मले समजते. तुमाले नाई दिसत.”

सुट्टी मिळाली. एका दुपारी मी बोरी अरबला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या आईनं दारातच ओठांवर बोट ठेवलं. आत कूलरसमोर बाई झोपल्या होत्या.

“मार खाल्ल्यापासून दिवसा कधी डोया लागला नाई तिचा,” आई पुटपुटली.

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर धडधडत गेला. आम्ही दोघंही दचकलो. बाईंनी नुसती कूस बदलली.